एका पडद्याचे दोन धनी

संगणकाचा मॉनिटर विकत घेणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात, असे बाजार गृहीत धरतो: कामासाठी घेणारे आणि खेळासाठी घेणारे. दुकानाची मांडणी, खोक्यांचे रंग आणि जाहिरातींची भाषा या सर्वांत हीच विभागणी पाळलेली दिसते. कामाचा मॉनिटर करडा, सडपातळ आणि अबोल असतो, तर खेळाचा मॉनिटर काळा, कोनाकोनांचा आणि पाठीवर तांबडे-निळे दिवे मिरवणारा असतो. हे दिवे भिंतीकडे तोंड करून असल्यामुळे त्यांचा लाभ मालकापेक्षा भिंतीलाच अधिक होतो, ही गोष्ट वेगळी. परंतु या वर्गीकरणात एक मोठी त्रुटी आहे. ज्याला केवळ काम करायचे असते, तो मॉनिटर निवडण्याच्या फंदात सहसा पडत नाही, कचेरीने जो दिला त्यावर निभावतो आणि संध्याकाळी तो बंद करतो; ज्याला केवळ खेळायचे असते आणि ज्याचा पैसा स्वतःचा असतो, त्यालाही कोणाला काही पटवून द्यावे लागत नाही. निवडीचा खरा पेच पडतो तो तिसऱ्या, बाजाराने कोठेही न नोंदलेल्या वर्गाला, म्हणजे ज्याला मॉनिटर खेळासाठी हवा असतो आणि घरात मात्र तो कामासाठी मागावा लागतो त्याला. प्रस्तुत विवेचन या तिसऱ्या वर्गापुरते मर्यादित आहे.

मराठी मध्यमवर्गीय घरात मोठ्या खर्चाला मंजुरी मिळते ती मुख्यतः शिक्षण आणि काम या दोन सबबींवर. घरातला पहिला संगणक मुलांच्या अभ्यासासाठी किंवा कोणाच्या तरी एमएस-सीआयटीसाठी आला, आणि त्याच संगणकावर ‘डेंजरस डेव्ह’, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ व ‘रोड रॅश’ या खेळांचे सखोल अध्ययन झाले, हा इतिहास फार जुना नाही. त्या वेळी अभ्यासाच्या नावावर खेळलेली पिढी आता नोकरदार झाली असून तिने अभ्यासाच्या जागी काम हा शब्द घातला आहे. २०२० नंतर घरून काम करण्याची पद्धत रुळल्यामुळे या शब्दाचे वजनही पुष्कळ वाढले. तरीही गृहखात्याकडून येणारा पहिला प्रश्न अद्याप बदललेला नाही. “जुन्याला काय झालंय?” असा हा प्रश्न असतो, आणि जुना मॉनिटर उत्तम स्थितीत समोरच चालू असल्यामुळे त्याचे उत्तर साध्या मराठीत देता येत नाही. मॉनिटरविषयीची संपूर्ण परिभाषा, म्हणजे पिक्सेल, हर्ट्झ, मिलिसेकंद, पॅनेल इत्यादी, अभियंत्यांनी कोणत्याही हेतूने घडवली असो, या वर्गाकडून तिचा उपयोग या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी होतो.

हा पेच अर्वाचीन आहे असे मानण्याचे कारण नाही. मनोरंजनासाठी विद्युत पडद्याचा वापर १९५८ मध्येच झाला होता. अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विद्युतलहरी तपासण्याच्या उपकरणावर, टेनिसचा खेळ मांडला आणि तो पाहायला आलेल्या लोकांनी रांगा लावल्या. कामाच्या यंत्रावर खेळण्याची परंपरा अशा रीतीने अणुसंशोधनाच्या संस्थेतही पाळली गेलेली असल्याने कचेरीत लपूनछपून पत्ते लावणाऱ्या कारकुनाने स्वतःस कमी लेखू नये. पुढे १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा ग्राहकापुढे पडद्यासाठी दोन वेगवेगळी कार्डे ठेवली. पहिले एमडीए नावाचे होते, त्यावर फक्त अक्षरे उमटत, एकाच रंगात. परंतु प्रत्येक अक्षराला नऊ बाय चौदा ठिपक्यांचे प्रशस्त घर मिळत असल्यामुळे ती अत्यंत सुबक दिसत. दुसरे सीजीए नावाचे होते, त्यावर ३२० बाय २०० ठिपक्यांत एका वेळी चार रंग दिसत, चित्रे हलत, आणि अक्षरांना मात्र आठ बाय आठच्या खोलीत दाटीवाटीने राहावे लागे. निर्मात्यांचा हेतू कोणाच्या लक्षात येणार नाही अशी शंका त्यांनाही वाटली असावी, कारण एमडीए कार्डाला छपाईयंत्र जोडण्याचे भोक होते आणि सीजीए कार्डाला दूरचित्रवाणी संच जोडण्याचे. कामाचे कार्ड सेकंदाला पन्नास वेळा चित्र नव्याने रेखाटत असे व खेळाचे कार्ड साठ वेळा. म्हणजे खेळाचा पडदा कामाच्या पडद्यापेक्षा चपळ असावा, हा दंडकही तेव्हाच पडला. ही दोन्ही कार्डे एकाच यंत्रात शेजारी-शेजारी बसवता येत असत, आणि ज्यांना परवडे ते दोन मॉनिटर मांडून बसतही. प्रश्न निर्माण झाला त्याच वर्षी त्याचे निर्विवाद उत्तरही उपलब्ध होते, फक्त ते दुप्पट खर्चाचे होते. आणि नंतरच्या चार दशकांतील मॉनिटरचा इतिहास हा हे उत्तर निम्म्या किमतीत मिळावे म्हणून केलेल्या धडपडीचा इतिहास आहे.

आता मापांकडे वळता येईल. मॉनिटरचा आकार इंचांत सांगतात आणि हे इंच कर्णाचे असतात, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे. शाळेत पायथागोरसचा सिद्धांत शिकताना ‘याचा पुढे उपयोग काय’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला येथे उत्तर मिळते, कारण सत्तावीस इंची मॉनिटर टेबलावर मावेल की नाही हे त्याशिवाय कळत नाही. नेहमीच्या सोळास नऊ या प्रमाणात सत्तावीस इंची पडदा सुमारे साठ सेंटिमीटर रुंद आणि चौतीस सेंटिमीटर उंच भरतो, बत्तीस इंची सुमारे एक्काहत्तर बाय चाळीस. परंतु पुष्कळ घरांत निर्णय ग्राहक करत नाही, टेबल करते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सुताराकडून करवून घेतलेल्या कॉम्प्युटर टेबलाला खाली सरकती फळी, बाजूला सीपीयूचा कप्पा आणि डोक्यावर प्रिंटरची फळी असते. वरच्या फळीखालची उंची त्या काळच्या मॉनिटरला बेतून ठेवलेली असते, आणि ते टेबल सागवानी असल्यामुळे त्याला हात लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सरकारनेही मापाच्या बाबतीत दीर्घकाळ आपले मत राखले होते: बत्तीस इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के, म्हणजे तेहेतिसाव्या इंचापासून माणूस काम करत नसून चैन करतो, असा निष्कर्ष त्यातून निघत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मॉनिटरवरील करही १८ टक्क्यांवर आला आणि चौतीस इंची रुंद पडदे कायद्याच्या दृष्टीने कामाचे ठरले. ही सबब अद्याप पुरेशा घरांत वापरली गेलेली नाही.

पडद्यावरचे चित्र ज्या सूक्ष्म ठिपक्यांनी बनते, त्या प्रत्येक ठिपक्यास पिक्सेल म्हणतात आणि आडवे व उभे मिळून पिक्सेल किती, याला रिझोल्यूशन म्हणतात. फुल एचडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख, २५६० बाय १४४० च्या पडद्यावर ३६.९ लाख आणि फोर-के म्हणवणाऱ्या ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर ८२.९ लाख पिक्सेल असतात. येथे कामाची बाजू खरोखरीच बळकट आहे, आणि मराठीतून काम करणाऱ्याची तर अधिकच. रोमन लिपीतील अक्षर एका मजल्यावर राहते, फार तर थोडे वर किंवा खाली डोकावते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर एक मजला आणि पायाखाली एक तळघर लागते. बारा पॉइंटचा मजकूर नेहमीच्या मांडणीत सुमारे सोळा पिक्सेल उंचीत बसवला जातो, आणि तेवढ्यात ‘मूर्तींचे’ हा शब्द लिहायचा झाला तर ‘त’ या एका अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तीन ओझी एकाच वेळी चढतात. सत्तावीस इंची पडदा आणि फुल एचडी रिझोल्यूशन अशी जोडी घेतली की दर इंचात जेमतेम ब्याऐंशी पिक्सेल येतात, मग हे तिन्ही प्रवासी एकमेकांच्या अंगावर पडून एक काळा डाग तयार होतो, आणि मुद्रितशोधकाला अनुस्वार आहे की नाही हे शब्दाच्या अर्थावरून ठरवावे लागते. त्याच मापात २५६० बाय १४४० घेतल्यास दर इंचात एकशे नऊ पिक्सेल मिळतात आणि फोर-के घेतल्यास एकशे त्रेसष्ट, ज्यात रफार आणि अनुस्वार यांना स्वतंत्र संसार थाटता येतो. फोर-के पडद्यावर अक्षरे फार बारीक होत असल्याने ती दीडपट मोठी करून घ्यावी लागतात आणि त्यामुळे वापरायला जागा २५६० बाय १४४० एवढीच उरते; तेव्हा अधिकचे पैसे जागेसाठी दिलेले नसून रेखीवपणासाठी दिलेले असतात, हे खरेदीपूर्वी समजून घेतलेले बरे.

‘मराठी टंकलेखनासाठी फोर-के’ ही सबब म्हणून सत्य आहे, आणि सत्य सबबीला घरात जो मान मिळतो तो खोट्या सबबीला कधीच मिळत नाही. तिच्यात अडचण एकच: ती ऐकून घेणाऱ्या व्यक्तीने मागील वर्षभरात या टेबलावर टंकलेखन होताना पाहिलेले असावे लागते.

पडद्याच्या अंतरंगाकडे, म्हणजे पॅनेलकडे, येताना थोडा वनस्पतिशास्त्राचा आधार घ्यावा लागतो. १८८८ मध्ये प्राग येथे फ्रीडरिश राइनित्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर प्रयोग करत असताना त्यांना एक संयुग दोनदा वितळताना दिसले: १४५.५ अंश सेल्सिअसला ते गढूळ द्रव झाले आणि १७८.५ अंशांना तो द्रव नितळ झाला. मधल्या गढूळ अवस्थेतील पदार्थ वाहतो द्रवासारखा, पण त्याचे रेणू स्फटिकाप्रमाणे शिस्तीत राहतात. यालाच पुढे द्रवस्फटिक म्हटले गेले आणि एलसीडी या नावातील पहिली दोन अक्षरे तेथूनच आली. द्रवस्फटिकावर विद्युतदाब दिला की रेणू वळतात आणि मागून येणारा प्रकाश अडवतात किंवा सोडतात, एवढेच या पडद्याचे तत्त्व. गाजर खाल्ल्याने डोळे चांगले राहतात असे वडीलधारी मंडळी सांगत असत. त्याच गाजरातून डोळ्यांची परीक्षा पाहणारे यंत्र निघाले, आणि तेव्हापासून मॉनिटर विकणारे ग्राहकाला गाजर दाखवत आलेले आहेत.

रेणू कसे वळतात यावरून पॅनेलच्या जाती पडतात. टीएन जातीत ते पिळासारखे फिरतात, फार चटकन फिरतात, परंतु पडदा वरून किंवा खालून पाहिला तर रंग उलटेपालटे होतात. पलंगावर आडवे पडून चित्रपट पाहणाऱ्यास त्यात नायक निळा आणि खलनायक पांढरा दिसण्याची शक्यता असते. आयपीएस जातीत, जी हिताची कंपनीने १९९६ मध्ये विकसित केली, रेणू पडद्याच्याच पातळीत फिरतात आणि कोठूनही पाहिले तरी रंग टिकतात. म्हणून कामासाठी हीच जात सर्वत्र सुचवली जाते. तिचा दोष असा की तिला काळा रंग नीट जमत नाही, अंधाऱ्या खोलीत काळ्याच्या जागी राखाडी दिसतो आणि कोपऱ्यांतून फिकट उजेड झिरपतो. तिसऱ्या व्हीए जातीत काळा रंग खरोखर काळा असतो. शुभ्र आणि काळा यांच्यातील तफावत आयपीएसमध्ये साधारण हजारास एक, तर व्हीएमध्ये तीन हजारास एक किंवा अधिकही असते. परंतु स्वस्तातल्या व्हीए पॅनेलमधील रेणू अंधारातून उजेडात यायला आळस करतात, त्यामुळे खेळातील रात्रीच्या प्रसंगात धावणाऱ्या शत्रूमागे काजळाचा ओघळ उमटतो आणि बंदूक नेमकी कोणावर रोखावी, शत्रूवर की त्याच्या ओघळावर, असा प्रश्न पडतो. थोडक्यात, तिन्ही जातींत एकेक दोष हमखास आहे आणि दोषाची निवड हीच पॅनेलची निवड होय. स्थळे पाहण्याचा अनुभव असलेल्या कुटुंबास ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही.

या तिन्ही दोषांवर उतारा म्हणून ओलेड आले. १९८७ मध्ये कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी ज्याचा पाया घातला त्या या तंत्रात प्रत्येक पिक्सेल स्वतःच प्रकाशतो, मागे दिवा नसतो, आणि काळा दाखवायचा असेल तर पिक्सेल सरळ विझतो. काळा संपूर्ण काळा, बदल निमिषात. खेळणाऱ्याने आणखी काय मागावे? आणि नेमका येथेच कामाने खेळाचा सूड घेतलेला आहे. सेंद्रिय पदार्थाचे हे पिक्सेल वापराने झिजतात आणि एकच आकृती रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली तर तेथील पिक्सेल इतरांपेक्षा अधिक झिजून तिचा पुसट ठसा कायम उमटतो, ज्याला बर्न-इन म्हणतात. कामात एकाच जागी राहणाऱ्या गोष्टी पुष्कळ: खालची पट्टी, एक्सेलच्या चौकटी, वरचे मेनू. म्हणजे ज्याने दिवसभर निष्ठेने नोकरी केली, त्याला काही वर्षांनी रात्री खेळातील राजवाड्याच्या भिंतीवर कचेरीच्या टास्कबारची सावली दिसण्याचा धोका आहे, आणि ज्याने दिवसभर कामच केले नाही त्याचा पडदा निर्मळ राहतो. शिवाय २०२२ पासून बाजारात आलेल्या क्यूडी-ओलेड प्रकारात तांबडा, हिरवा आणि निळा हे उपपिक्सेल एका रांगेत नसून त्रिकोणात मांडलेले होते, त्यामुळे आडव्या कडांवर हिरवट व गुलाबी झाक दिसू लागली. रोमन अक्षरांत आडव्या रेघा त्या मानाने थोड्या असतात. देवनागरीत तर प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर एक आहे. सत्तर-ऐंशी हजार मोजून आणलेल्या पडद्यावर घराण्याची वंशावळ उघडावी आणि सर्व पूर्वजांच्या शिरोरेषांना वर हिरवी व खाली गुलाबी किनार असावी, हे दृश्य पैठणीच्या दुकानात शोभेल, कामाच्या टेबलावर शोभत नाही. नंतरच्या पिढ्यांत ही झाक बरीच कमी करण्यात आली आहे, हे न्यायाने नोंदवले पाहिजे.

रिफ्रेश रेट म्हणजे पडदा सेकंदातून किती वेळा चित्र बदलतो ती संख्या, आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. साठ हर्ट्झच्या पडद्यावर दोन चित्रांमध्ये १६.७ मिलिसेकंदांचे अंतर असते, १४४ ला ते ६.९ होते, २४० ला ४.२, ३६० ला २.८ आणि ५०० ला २. या आकड्यांकडे नीट पाहिल्यास एक गोष्ट उघड होते, जी जाहिरातीत सहसा सांगितली जात नाही: साठावरून १४४ वर जाताना जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात आणि तो फरक कोणासही, अगदी माउसचा बाण नुसता फिरवून पाहिला तरी, जाणवतो, परंतु १४४ वरून २४० वर जाताना पावणेतीन मिलिसेकंदच वाचतात आणि ३६० वरून ५०० वर जाताना एकही पुरता वाचत नाही. किंमत मात्र उलट दिशेने वाढते, म्हणजे जितकी कमी बचत तितके अधिक पैसे, आणि सहकारी बँकांतील ठेवीदारांना हे अर्थशास्त्र परिचयाचे आहे. दृश्य पाहून बोट दाबायला सामान्य माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे सुमारे अडीचशे मिलिसेकंद लागतात. व्यावसायिक खेळाडूच्या बाबतीत त्यातील दोन-तीन मिलिसेकंदांना मोल असेलही. पण दिवसभराच्या मीटिंगांनंतर जेवून, बडीशेप चघळत खेळायला बसलेल्या चाळिशीच्या गृहस्थाला प्रतिस्पर्धी तेरा वर्षांचा असल्यास मॉनिटर कोणताही असला तरी निकालात फरक पडत नाही.

रिस्पॉन्स टाइम ही यापेक्षा वेगळी गोष्ट असून ग्राहक दोहोंत नेहमी घोटाळा करतात. एका पिक्सेलला एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ म्हणजे रिस्पॉन्स टाइम. तो अधिक असला की हलत्या वस्तूमागे तिची पुसट प्रतिमा रेंगाळते, ज्याला घोस्टिंग म्हणतात. खोक्यावर ‘१ मिलिसेकंद’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, परंतु तो आकडा अनेकदा पिक्सेलला ओव्हरड्राइव्ह नावाची चाबकाची फटकार अगदी जोरात मारल्यावरच मिळतो, आणि त्या वेगात पिक्सेल ठरल्या जागेच्या पुढे निघून जातो, मग भूत मागे राहण्याऐवजी त्याच्याभोवती पांढरे वलय उमटते. म्हणजे ग्राहकाला भूत हवे की प्रभावळ, एवढेच निवडता येते. कामाच्या बाजूने पाहता एक्सेलमधील आकडे इतक्या वेगाने पळत नसल्यामुळे या विषयाला महत्त्व नाही, आणि ते पळू लागले असतील तर दोष मॉनिटरचा नसून हिशेबनिसाचा असण्याची शक्यता अधिक.

मॉनिटर एकटा येत नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. फोर-के पडदा १४४ हर्ट्झवर चालवायचा म्हणजे दर सेकंदाला सुमारे ११९ कोटी ठिपक्यांचा पुरवठा व्हावा लागतो आणि तो करणारे ग्राफिक्स कार्ड मॉनिटरपेक्षा महाग असते. ते कार्ड जुन्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, चालत नाही. नवा एसएमपीएस घेतला की कार्डाची लांबी जुन्या कॅबिनेटमध्ये मावत नाही. ‘फक्त मॉनिटर बदलायचा आहे’ या वाक्याने सुरू झालेला खर्च अशा रीतीने मॉनिटरची तार सोडून सर्व काही बदलतो, आणि मग कळते की तारही जुन्या एचडीएमआय २.० ची आहे व ती फोर-केला साठ हर्ट्झच्या पुढे फारसे जाऊ देत नाही. वक्राकार पडद्यांविषयी थोडक्यात एवढेच की १८००आर म्हणजे १८०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, १०००आर त्याहून अधिक वळलेला. असा पडदा मधोमध बसलेल्या एकाच माणसासाठी योग्य असतो आणि त्यावर भूमापनाचे नकाशे काढणाऱ्याला सरळ रेघेविषयी आयुष्यभर संशय राहतो. उजेड-अंधारातील तफावत अधिक दिसेल अशी हमी देणाऱ्या एचडीआर ४०० या शिक्क्याविषयी तर त्याहून थोडक्यात सांगता येईल: तो बहुतेक खोक्यांवर असतो आणि पडद्यावर दिसत नाही.

एवढा अभ्यास करून ग्राहक बाजारात जातो. मुंबईत हा बाजार अधिकृतपणे डॉ. भडकमकर मार्ग आणि व्यवहारात लॅमिंग्टन रोड या नावाने ओळखला जातो, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली वर्षानुवर्षे विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे, आणि दोन्ही ठिकाणी अभ्यासाची किंमत पहिल्या पाच मिनिटांत शून्य होते. मॉनिटरवर निर्मात्याने दिलेली एक चित्रफीत फिरत असते. तीत पोपट उडतात, संत्री फुटतात, लाव्हा वाहतो, परंतु जमाखर्चाचा तक्ता कधीही येत नाही. ‘यावर जरा एक्सेल उघडून दाखवता का?’ असे विचारणाऱ्या ग्राहकाकडे दुकानातला मुलगा ज्या नजरेने पाहतो, ती सहन करण्याची तयारी असणाऱ्यानेच कामासाठी मॉनिटर घेत असल्याचा दावा करावा. एखादा चिकित्सक ग्राहक मृत पिक्सेलविषयीही विचारतो, म्हणजे कायम विझलेला किंवा कायम पेटलेला ठिपका आढळल्यास मॉनिटर बदलून मिळेल का. या बाबतीत २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या आंतरराष्ट्रीय मानकाने पडद्यांचे दर्जे ठरवले होते, आणि त्यातील दुसऱ्या दर्जात दर दहा लाख पिक्सेलांमागे दोन कायम पेटलेले आणि दोन कायम विझलेले पिक्सेल क्षम्य मानले होते. हा हिशेब फोर-के पडद्याला लावला तर सोळा पिक्सेल मेलेले असूनही मॉनिटर सुखरूप ठरतो. तेव्हा रिझोल्यूशन वाढले की क्षमेची व्याप्तीही वाढते. दुकानदाराला मानकाचा क्रमांक ठाऊक नसला तरी आशय पूर्ण ठाऊक असतो. “साहेब, एवढं जवळून कोण बघतं?” असे तो म्हणतो, आणि ज्या ग्राहकाने महिनाभर दर इंचातील पिक्सेल मोजले, तो हसून मान डोलावतो.

गेल्या काही वर्षांत मात्र बाजाराने तिसऱ्या वर्गाचे अस्तित्व गुपचूप मान्य केले आहे. १९८० च्या दशकातील अनेक संगणकीय खेळांत ‘बॉस की’ नावाची सोय असे. साहेब येताना दिसले की ती कळ दाबायची, खेळ अदृश्य होऊन पडद्यावर एक खोटा हिशेबतक्ता अवतरे. आजच्या काही मॉनिटरांत केव्हीएम नावाची सोय असते. केव्हीएम म्हणजे एकच कीबोर्ड, एकच पडदा आणि एकच माउस दोन संगणकांना जोडून हवा तेव्हा इकडून तिकडे जाण्याची व्यवस्था: यूएसबी-सीच्या एका तारेने कचेरीचा लॅपटॉप जोडायचा, त्याच तारेने तो चार्जही होतो, दुसऱ्या तारेने घरचा खेळाचा संगणक, आणि मध्ये एक बटण. विक्रेते ही सोय उत्पादकता वाढवणारी म्हणून सांगतात आणि त्यात असत्य काही नाही, कारण खेळातून कामावर परतायला लागणारा वेळ तिने निश्चितच कमी होतो. फरक इतकाच की बॉस की खोटा तक्ता दाखवत असे आणि केव्हीएम खरा दाखवते. निवडीची सर्व परिमाणे बाजूला ठेवून एकच गुण पाहायचा झाला तर या वर्गाने बटणाची जागा पाहावी: ते पडद्याच्या मागे, चाचपडून शोधावे लागेल असे असेल तर तो मॉनिटर कामाचाही नाही आणि खेळाचाही नाही. त्याखालोखाल पडद्याचा पृष्ठभाग पाहावा. खरखरीत, म्हणजे मॅट पृष्ठभागावर खिडकीचा उजेड पसरून जातो आणि डोळ्यांना सुख वाटते. चकचकीत पृष्ठभागावर खिडकी जशीच्या तशी दिसते, पण पाठीमागचे दारही दिसते, आणि त्या दारातून कोण येत आहे हेही.

खरेदी बहुधा दसऱ्याला किंवा दिवाळीच्या सवलतीत होते, आणि दसऱ्याला झाल्यास नव्या मॉनिटरला झेंडूची माळ चढते; ती पडद्याच्या वरच्या भागावर लोंबत असल्याने पहिल्या दिवशी खिडकी बंद करण्याची फुली सापडत नाही. स्वस्तातल्या मॉनिटरचा पाय उंची बदलू देत नाही, म्हणून खाली दिवाळी अंक ठेवावे लागतात. जाड अंक या कामी अधिक उपयोगी पडतात. पाठीमागे शंभर बाय शंभर मिलिमीटर अंतरावर चार भोके असतात, ती भिंतीवर किंवा लोखंडी हातावर बसवण्यासाठी असून पुष्कळ घरांत ती शेवटपर्यंत कुमारिका राहतात. त्यानंतर मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला १६५ हर्ट्झचा प्रभाव समजावून सांगतो, नुसता माउस फिरवून दाखवतो, ‘बघा, किती गुळगुळीत’ असे म्हणतो, आणि पाहुणे चहा घेता घेता संमती देतात. नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोजमध्ये रिफ्रेश रेट पुष्कळदा साठ हर्ट्झवरच राहतो आणि तो डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन स्वतः वाढवावा लागतो, ही बाब खोक्यावर कोठेच छापलेली नसते. ती सुट्टीत आलेल्या आठवीतल्या भाच्याला मात्र ठाऊक असते. तो बसल्या बसल्या सेटिंग उघडतो आणि सर्वांदेखत म्हणतो, “मामा, हा तर साठवरच चाललाय की!” या प्रसंगी तिसऱ्या वर्गातील अनुभवी मामा जराही डगमगत नाही, चहाचा कप खाली ठेवून तो शांतपणे सांगतो, “दिवसा मी साठवरच ठेवतो रे. कामाला तेवढंच लागतं.”